रिपोर्ट आले, पण आजाराचं नाव नाही: ऑटोइम्यून निदानाबद्दल अनुभव हवेत

वणाकाठ
नमस्कार मंडळी. मी हिंगणघाट तालुक्यातला, शेती करतो. धाकट्या बहिणीसाठी लिहितोय. वय २७, वणी तालुक्यात दिली आहे, एक लहान मुलगी आहे. मागच्या वर्षीच्या निंदणापासून तिची बोटं सकाळी आखडलेली असतात. मूठ वळत नाही, पोळ्या लाटता येत नाहीत. ऊन वर आलं की हळूहळू सैल होतात. बारीक ताप येतो-जातो, केस झडतात, तोंडात टाळूवर फोड येतात. वावरातून आली की दोन्ही गाल लालबुंद.

आधी सगळे चिकनगुनियाच म्हणाले, कारण तेव्हा गावात घरोघरी तेच होतं. मग वात म्हणाले, मग रक्त कमी आहे म्हणाले. तपासणीत सिकलसेल (रक्तपेशींचा आनुवंशिक आजार) एएस निघालं, तर सगळं त्याच्यावर ढकललं. शेवटी नागपूरला सांधेविकाराच्या डॉक्टरांकडे नेलं. आरए फॅक्टर (सांधेवाताची तपासणी) निगेटिव्ह, एएनए (आपल्याच पेशींवर उलटणारी प्रतिपिंडं) पॉझिटिव्ह १:१६०, डीएस-डीएनए (त्याच जातीची आणखी एक तपासणी) निगेटिव्ह, ईएसआर (अंगातल्या सुजेची खूण) वाढलेला, हिमोग्लोबिन ९. डॉक्टर म्हणाले, "कल ऑटोइम्यूनकडे आहे, म्हणजे प्रतिकारशक्ती आपल्याच शरीरावर उलटते तसं, पण आज मी नाव लिहीत नाही. तीन महिन्यांनी या."

सासरचे विचारतात की एवढा पैसा लागला, तर झालं काय ते तरी सांगा. माझ्याकडे उत्तर नाही. असं मधल्यामध्ये लटकून राहणं इतरांचं झालंय का? डॉक्टर बदलावा का? एएनए दुसऱ्या लॅबमध्ये करून पाहावी का? आणि घरच्यांना सांगायचं काय?

तूर_पऱ्हाटी
भाऊ, वाचून जीव हळहळला. माह्या मायचं सांगतो. तिचाई आरए फॅक्टर निगेटिव्ह आलता, म्हनून सारे म्हने काई नाई, वयाचं दुखनं हाये. आमच्या इकडं बाजाराच्या दिवशी एक जन पुड्या देत जाय. पुडी घेतली का दोन दिसांत माय वावरात पयत जाय. आमाले वाटे देवच भेटला. मंग तोंड सुजलं, साखर वाढली, हाडं ठिसूय झाली. अकोल्याच्या डॉक्टरनं सांगतलं का पुडीत स्टेरॉइड असन. आन् खरी अडचन अशी झाली का त्या पुडीनं सूज दबून जाय, त डॉक्टरसमोर गेलं का हात चांगले दिसत. तपासाले सुजच नाई त थो बी काय सांगन? पुड्या बंद केल्या, सूज वर आली, तवा सांधेवात हाये हे समजलं.
तुमच्या बहिणीले असं कोनी काई देऊन रायलं असन त पयले थे बंद करा. पन एकदम नाई, डॉक्टरले दाखवून.

एसटी_प्रवासी
निदान काहीही निघो, बायांना २०२३ पासून एसटीत अर्धं तिकीट आहे. म्हणजे बहिणीला नेताना पूर्ण तिकीट भावाचंच. :)
बाकी वणाकाठ, तुम्ही भाऊ म्हणून एवढं धावताय, हे फार मोठं आहे.

लॅबवाला_चांदा
एएनएबद्दल लिहितो, कारण आमच्या काउंटरवर रोज याच रिपोर्टवरून लोक घाबरून उभे राहतात.

१:१६० म्हणजे रक्तातलं सीरम तितक्या पट पातळ केल्यावरही प्रतिपिंडं दिसली. ताकात पाणी घालत जायचं आणि आंबटपणा कुठपर्यंत जिभेला लागतो ते बघायचं, तसंच हे. पण दिसली म्हणजे आजार आहे असं नाही. धडधाकट माणसांतही १:४० ला साधारण शंभरातल्या तिसेक जणांची एएनए पॉझिटिव्ह येते, १:८० ला तेरा-चौदा जणांची, १:१६० ला पाचेक जणांची. थायरॉइड, टीबी, यकृताचे आजार, काही औषधं यांच्यातही येते. उलट लुपस (सांधे, कातडी, मूत्रपिंड अशा अनेक अवयवांवर उलटणारा ऑटोइम्यून आजार) असलेल्या जवळजवळ सगळ्यांची ती पॉझिटिव्ह असते. म्हणून निगेटिव्ह एएनए लुपस बाजूला सारायला फार उपयोगी, पॉझिटिव्ह मात्र एकटी काही सिद्ध करत नाही.

दुसऱ्या लॅबमध्ये पुन्हा करू नका. एका ठिकाणी १:१६० आणि दुसरीकडे १:८० किंवा १:३२० आलं तर तेवढा फरक चालतो. काचपट्टीवर सूक्ष्मदर्शकातून माणूस बघतो, त्यात एवढं होतंच. एकच बघा, तपासणी इम्युनोफ्लुरोसन्सने (काचपट्टीवर चमक बघून) केली की एलायझाने (यंत्रावर), हे रिपोर्टवर लिहिलेलं असतं. पहिली पद्धत जास्त भरवशाची. तुमच्या रिपोर्टवर १:१६० असं आहे, म्हणजे बहुतेक तीच झाली आहे.

आणि आरए फॅक्टर निगेटिव्ह म्हणजे सांधेवात नाही, हे तूर_पऱ्हाटींच्या आईला सांगणाऱ्यांचं चुकलंच. सांधेवाताच्या दर पाच रुग्णांत एखाद्याचा तरी निगेटिव्ह असतो. अँटी-सीसीपी ही सांधेवाताची दुसरी तपासणी केली आहे का?

राळेगावचा
एक वेगळी शंका. बोअरचं पाणी पितात का? आमच्या यवतमाळ जिल्ह्यात आणि तिकडे चंद्रपुरात काही गावांच्या पाण्यात फ्लोराइड जास्त आहे. माणसं तरुणपणीच कमरेत वाकलेली पाहिलीत मी. सगळे आधी वातच म्हणायचे.

लॅबवाला_चांदा
@राळेगावचा, मुद्दा बरोबर आहे, पाणी तपासून घेण्यात तोटा नाही. लिटरला दीड मिलिग्रॅमच्या वर फ्लोराइड नको. पण फ्लोरोसिसमध्ये कंबर, मान, गुडघे ताठरतात, लहानपणापासून ते पाणी प्यायलेल्यांचे दात पिवळे-तपकिरी होतात. ताप, केस झडणं, टाळूचे फोड त्यात येत नाहीत.

मोहफूल
मी गडचिरोली जिल्ह्यात आशा सेविका आहे. सिकलसेलचं मला सांगू द्या, कारण आमच्याकडे त्याच्या नावाखाली बरंच काही झाकलं जातं.

एएस म्हणजे वाहक. आई किंवा वडील, एकाकडून आलेलं. एसएस म्हणजे दोघांकडून आलेलं, तोच खरा आजार, आणि त्यात हातपाय भयंकर दुखतात. एएसवाल्याला रोजच्या जगण्यात सहसा त्रास होत नाही. बहिणीचे सांधे महिनोन्महिने सुजत असतील तर ते एएसच्या माथी मारू नका. गावात पहिली होते ती सोल्युबिलिटी तपासणी, त्यात एएस का एसएस कळत नाही. ते सांगणारी इलेक्ट्रोफोरेसिस किंवा एचपीएलसी झाली का, तो कागद बघा. आणि जावयाचीही तपासणी करून घ्या, पुढच्या बाळासाठी ते लागतं.

आमच्याकडे एका बाईला टाळूवर फोड आले, तर पहिला प्रश्न, "खर्रा खातेस का?" तिनं जन्मात तो तंबाखू-सुपारीचा खर्रा तोंडात घातला नव्हता. चारचौघांत खाली मान घालून बसली बिचारी. पुन्हा दवाखान्यात यायला तयार होईना. मी रोज तिच्या घरी जाऊन बसत होते.

पळसबहर
मोहफूलताई, तुमच्यासारखी आशा आमच्या गावाला मिळती तर!

मी भंडारा जिल्ह्यातली, शाळेत शिकवते. मला लुपस आहे. नाव कळायला काही वर्षं गेली. आधी छातीत पाणी झालं, टीबीची औषधं सुरू झाली. आपल्या भागात छातीत पाणी म्हटलं की टीबीच आधी आठवणार, त्यात त्या डॉक्टरांना मी दोष देत नाही. पण कोर्स पूर्ण होऊनही ताप जाईना. तेव्हा मात्र "तुमच्या मनाचं आहे, घरात ताण आहे का?" असं विचारलं गेलं. ते वाक्य मला आजाराहून जास्त लागलं. माझे हात माझ्या डोळ्यांसमोर सुजत होते.

वणाकाठदादा, तुमच्या डॉक्टरांनी नाव लिहिलं नाही, पण बहिणीला खोटं ठरवलं नाही. "पुन्हा या" म्हणाले. मला तोच डॉक्टर चांगला वाटतो. घाईने चुकीचं नाव लावलं की ते फाइलवर चिकटतं, आणि पुढचा प्रत्येक जण ते वाचूनच सुरुवात करतो.

एक कराच. गाल लाल झाले की त्याच वेळी मोबाइलवर फोटो काढा, सावलीत, समोरून आणि दोन्ही बाजूंनी. फोडांचे, सुजलेल्या बोटांचेही. तपासणीच्या दिवशी सकाळी लवकर निघून, एसी दवाखान्यात बसून, दुपारी नंबर लागेपर्यंत सगळं ओसरलेलं असतं. डॉक्टरांना दिसतच नाही.

अचलपूरचा_गोपाल
एवढ्या तपासण्या करून नाव सापडत नाही, मग कशाला नागपूरच्या चकरा? आमच्या परतवाड्याकडे जाणकार वैद्य आहेत. सातपुड्यातल्या मुळ्यांचा काढा देतात. प्रतिकारशक्ती वाढली की आपोआप बरं होतं. माझ्या साळ्याचा गुडघा बरा झाला.

मेळघाटी_डॉक्टर
मी धारणी भागात सरकारी सेवेत आहे, सांधेविकारतज्ज्ञ नाही. पण असे रुग्ण आधी आमच्यासारख्यांकडेच येतात, म्हणून सविस्तर लिहितो.

@अचलपूरचा_गोपाल, साळ्यांना बरं वाटलं याचा आनंद आहे. पण इथे प्रतिकारशक्ती कमी पडलेली नाही, ती आपल्याच सांध्यांवर, कातडीवर, मूत्रपिंडांवर उलटलेली आहे. ती वाढवून काय साधणार? ज्या औषधावर घटक लिहिलेले नाहीत, ते काढा असो, पुडी असो की इंजेक्शन, या मुलीला नको. तूर_पऱ्हाटींनी लिहिलं ते मी ओपीडीत नेहमी बघतो.

आता नाव का मिळत नाही ते. लुपससाठी २०१९ साली युरोप आणि अमेरिकेतल्या सांधेविकारतज्ज्ञांनी मिळून निकष ठरवले. एएनए किमान १:८० हवी, मग लक्षणांना गुण, आणि बेरीज १० झाली की लुपस धरायचा. सांध्यांना ६, तोंडातल्या फोडांना २, केस झडणं फोडांच्याच गटात असल्याने त्याचे वेगळे गुण नाहीत. ताप ३८.३ सेल्सिअसच्या वर मोजलेला हवा, नुसती कणकण नाही. गालावरची लाली मोठी गोष्ट, ६ गुणांची, पण ती डॉक्टरने पाहिलेली पाहिजे. वणाकाठ यांनी लिहिलंय त्यावरून गाडी दहाच्या अलीकडे अडलेली दिसते. म्हणून पळसबहर यांनी सांगितलेले फोटो मोलाचे आहेत.

पण हे निकष संशोधनासाठी आहेत, घरी बसून बेरीज करून स्वतःला लुपस लावून घेऊ नका. आठ गुणांवर उपचार देणारे डॉक्टर असतात आणि ते बरोबरही असतात. अशा अवस्थेला अनडिफरन्शिएटेड कनेक्टिव्ह टिश्यू डिसीज म्हणतात, म्हणजे अजून नाव न ठरलेला ऑटोइम्यून आजार. बरेच जण तिथेच राहतात, सौम्य त्रासावर. काहींचं सगळं शमतं. काहींमध्ये, बहुधा पहिल्या पाच वर्षांत, लुपस, सांधेवात, शोग्रेन (डोळे-तोंड कोरडं पडणारा आजार) असं काही स्पष्ट होतं. कोण कुठे जाईल हे आज कुठल्याही रक्तातून कळत नाही. चिकनगुनियाही विसरू नका. २०२४ च्या पावसाळ्यात नागपुरात तो जोरात होता, आणि त्याचे सांधे कित्येक महिने दुखू शकतात. तीन महिने थांबण्यात हा अर्थही असतो.

थांबायचं म्हणजे नुसतं बसायचं नाही. लघवीची साधी तपासणी आणि रक्तदाब महिन्याला एकदा बघा. प्राथमिक आरोग्य केंद्रातही होईल. लुपस मूत्रपिंडात शिरतो तेव्हा दुखत नाही. लघवीतून प्रथिनं जायला लागतात, फेस येतो, मग दोन्ही पाय सुजतात. वर्ध्या-चंद्रपुराकडे पाय सुजला की लोक हत्तीपाय समजून थांबतात. हत्तीपाय सहसा एका पायाला असतो. दोन्ही पाय, चेहरा सुजला, दम लागला, छातीत दुखलं, झटका (फिट) आला, लघवी कमी झाली तर तीन महिन्यांची वाट बघू नका, त्याच दिवशी निघा. सेवाग्रामचं कस्तुरबा रुग्णालय किंवा नागपूरचं सरकारी मेडिकल कॉलेज, जे जवळ पडेल तिथे.

टीएसएच (थायरॉइडची तपासणी) आणि सी३, सी४ (लुपसमध्ये कमी होऊ शकणारी रक्तातली प्रथिनं) झालं नसेल तर डॉक्टरांना विचारा.

वणाकाठ
डॉक्टरसाहेब, पळसबहरताई, सगळ्यांचे मनापासून आभार. एचपीएलसी झाली आहे, एएसच आहे. अँटी-सीसीपी निगेटिव्ह. पुडी वगैरे नाही, पण गावात दोन-तीनदा "ताकदीचं" म्हणून इंजेक्शन दिलं आहे, त्यात काय होतं कोणी सांगत नाही. सी३, सी४ झालेलं नाही.
सासरचं काय करू? सासूबाई मायाळू आहेत, पण सोयाबीन सोंगणीला मजूर मिळत नाही आणि सून दुपारी बाजेवर. लोक बोलतात.

गोंडपिंपरीची_सून
दादा, हे मी सांगते, मी या बाजूने गेले आहे. माझं थायरॉइड ऑटोइम्यून निघालं, हाशिमोटो. कळण्याआधी घरात आळशी म्हणून नाव पडलं होतं.

सासरच्यांना इंग्रजी नाव सांगून काही होत नाही. ते मिळालं तरी पुढचा प्रश्न असतो, "मग गोळी घेऊन कधी बरी होणार?" त्यांना कामाच्या भाषेत सांगा. सकाळी हाताला जोर लागेल असं काम नको, पीठ मळणं आणि हापसणं दहानंतर. भर उन्हात वावरात नको, पण सकाळच्या गारव्यात किंवा सायंकाळी जाईल. ताप असेल त्या दिवशी पूर्ण आराम. एवढं स्पष्ट सांगितलं की घरात कामाची मांडणी करता येते. आणि पुढच्या वेळी जावयाला आणि सासूबाईंना दोघांनाही डॉक्टरांकडे न्या. भावाने सांगितलेलं माहेरचं लाडकोड वाटतं. डॉक्टरांनी सासूसमोर सांगितलं की वजन पडतं.

मोहफूल
गोंडपिंपरीच्या ताईंना पूर्ण अनुमोदन. सासूला आत बसवा. बाहेर बाकावर नको.

तूर_पऱ्हाटी
+१. माह्या बापानंबी डॉक्टरच्या तोंडून ऐकलं तवाच मायच्या हातातली बादली घेतली.

अचलपूरचा_गोपाल
डॉक्टरसाहेबांचं म्हणणं पटलं, लेबल नसलेलं देऊ नये. पण एक विचारतो, गोळ्याही जन्मभरच्याच ना? त्यांचेही परिणाम असतातच.

मेळघाटी_डॉक्टर
असतात, आणि ते लपवायचं कारण नाही. अशा रुग्णात बहुधा हायड्रॉक्सीक्लोरोक्वीनने सुरुवात होते. मुळात मलेरियाचं औषध. गुण यायला दोन-तीन महिने लागतात. मात्रा वजनाप्रमाणे, दिवसाला किलोमागे ५ मिलिग्रॅमच्या आत. डोळ्याच्या पडद्यावर परिणाम होऊ शकतो, म्हणून सुरुवातीला एकदा आणि पाच वर्षांनंतर दरवर्षी डोळे तपासायचे. गरोदरपणातही चालतं.

मेथोट्रेक्सेट (सांधेवातात देतात ती गोळी) दिली तर मात्र कान टवकारून ऐका. ती आठवड्यातून एकदाच घ्यायची असते. रोज घेतली तर जिवावर बेतते. चिठ्ठीवर वार लिहून घ्या, आणि मेडिकलवाल्यालाही तोच वार विचारा. दिवस राहायचे असतील तर ती चालत नाही.

पळसबहर
हायड्रॉक्सीक्लोरोक्वीनवरून आठवलं. २०२० च्या लॉकडाउनमध्ये करोनासाठी म्हणून ती गोळी सगळीकडून गायब झाली. ज्यांना रोज लागते त्यांच्यासाठीच दुकानात नाही! साकोली, लाखनी, भंडारा, सगळीकडे विचारलं. शेवटी शाळेतल्या एका सहकाऱ्याच्या भावाने गोंदियाहून पास काढून आणून दिली. त्या माणसाला मी आजही राखी पाठवते. तेव्हापासून महिनाभराची गोळी घरात जास्तीची असतेच.

राळेगावचा
पळसबहर, हे वाचून बरं वाटलं. आपल्याकडे माणसं आहेत अजून.

एसटी_प्रवासी
@वणाकाठ, पुढे काय झालं? दिवाळी झाली, तुमचा निरोप नाही.

वणाकाठ
उशीर झाला, कापूस वेचणी चालू होती. सांगतो.

सासूबाई आणि जावई दोघेही आले. फोटो दाखवले. डॉक्टरांनी मोठे करून पाहिले, त्वचेच्या डॉक्टरांनाही बोलावलं. लाली नाकाच्या कडेच्या घडीत शिरते की नाही ते बघत होते. लुपसची सहसा शिरत नाही म्हणे. दोघांचं एकमत झालं नाही, उन्हाचीही असू शकते म्हणाले. सी३, सी४ नॉर्मल. लघवी स्वच्छ. टीएसएच ठीक. गावातली "ताकदीची" इंजेक्शनं बंद करायला सांगितलं, आणि ती घेतल्याचं कागदावर लिहून ठेवलं. हायड्रॉक्सीक्लोरोक्वीन सुरू केली. चिठ्ठीवर निदानाच्या जागी तेच अनडिफरन्शिएटेड.

सासूबाईंनी थेट विचारलं, "डॉक्टर, हे कधी समजणार?" ते म्हणाले, "कदाचित सहा महिन्यांत समजेल, कदाचित काही वर्षांनी, कदाचित कधीच नाही. पण मी बघत राहीन आणि हिला दुखू देणार नाही." त्यावर त्या काही बोलल्या नाहीत. यंदा वेचणीला त्यांनी भाचीला बोलावून घेतलं, आणि सून सकाळी दोन तासच वावरात जाते. टोपी आणि पूर्ण बाह्यांचा शर्ट घालून.

नाव नाही म्हणून अजून रात्री झोप उडते, खोटं कशाला सांगू. पण आता काय बघायचं ते माहीत आहे. महिन्याच्या पहिल्या सोमवारी लघवी आणि बीपी, आशाताईंनी वहीत पान आखून दिलं आहे.

मोहफूल
त्या आशाताईंना माझा नमस्कार सांगा.

गोंडपिंपरीची_सून
सासूबाईंना माझाही! दादा, दुसऱ्या बाळाचा विचार असेल तर आधी डॉक्टरांना सांगा हं.

मेळघाटी_डॉक्टर
हो, ते महत्त्वाचं. आजार किमान सहा महिने शांत असावा आणि त्याआधी अँटी-आरओ ही आणखी एका प्रतिपिंडाची तपासणी करून घ्यावी. ती पॉझिटिव्ह असली तर शंभरात एक-दोन बाळांच्या हृदयाच्या ठोक्यात अडथळा येऊ शकतो, म्हणून पोटात असतानाच सोनोग्राफीने लक्ष ठेवतात. घाबरण्यासाठी सांगत नाही, तयारीसाठी सांगतोय. डोळ्यांची पहिली तपासणी झाली का?

वणाकाठ
नाही अजून. वर्ध्याला कुठे होईल?

लॅबवाला_चांदा
सेवाग्रामला किंवा सावंगीला नेत्रविभागात विचारा. जाताना गोळीची चिठ्ठी न्या आणि पडद्याची तपासणी हवी असं स्पष्ट सांगा, नाहीतर नुसता चष्म्याचा नंबर काढून पाठवतील.